भाड्याचे साक्षीदार

गेल्या महिन्यात लघुउद्योजकांच्या एका मेळाव्यात डिजिटल मार्केटिंगवर बोलायला एक गृहस्थ आले होते. माणूस बोलका, इस्त्री कडक, स्लाइड रंगीत. दहाव्या मिनिटाला त्यांनी षटकार ठोकला. म्हणाले, "बॅकलिंक म्हणजे मत. दुसऱ्या वेबसाइटनं तुमची लिंक दिली की तुम्हाला एक मत पडलं. ज्याची मतं जास्त, तो गूगलवर वर. आणि मंडळी, मतं काय फुकट पडतात?" सभागृह खदखदून हसलं. आपल्याकडे हा विनोद कुणाला समजावून सांगावा लागत नाही. हशा ओसरायच्या आत पुढचा मुद्दा आला. पेपरात जाहिरात देताना पैसे मोजता ना, मग लिंकचे मोजायला लाज कसली? गूगल स्वतः वरच्या जागा विकतं आणि तुम्ही लिंक विकत घेतली की डोळे वटारतं! मग टाळ्या, आणि शेवटच्या स्लाइडवर दरपत्रक.

चहाच्या रांगेत त्यांना गाठायला गेलो, तर भोवती व्हिजिटिंग कार्डांचा गराडा. म्हणून आता इथं लिहितोय. ते बोलले ते त्यांचं एकट्याचं नव्हे. गेली कित्येक वर्षं लोकांच्या वेबसाइट सांभाळताना हेच मी नाना तोंडांनी ऐकत आलोय. त्यात चिमूटभर खरं आहे, म्हणून तर ते खपतं.

आधी त्या मताचं बघू. मतदान केंद्रात भाजीवालीचं आणि गिरणीमालकाचं मत एकाच वजनाचं. 1998 साली स्टॅनफर्डमध्ये लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी पेजरँक मांडला तो नेमकी ही समानता मोडून. तिथं प्रत्येक पानाला काही एक वजन असतं आणि ते पान आपलं वजन ज्यांना दुवे देतं त्यांच्यात वाटून टाकतं. चार दुवे दिले तर प्रत्येकाच्या वाट्याला पाव, चारशे दिले तर चारशेवा हिस्सा. त्या पानाचं स्वतःचं वजन कुठून आलं? त्याला ज्यांनी दुवे दिले त्यांच्याकडून. त्यांचं कुठून? त्यांच्या मागच्यांकडून. आकडे स्थिरावेपर्यंत हे गणित गोल गोल फिरवत राहायचं. डोळ्यांसमोर आणायचा एक रिकामटेकडा वाचक. तो 100 पैकी 85 वेळा समोरचा एखादा दुवा धरून पुढे जातो आणि 15 वेळा कंटाळून भलत्याच पानावर उडी मारतो. असा भटकत राहिला तर कुठल्या पानावर तो किती वेळा सापडेल, ते त्या पानाचं वजन.

'मत' हा शब्द सुरुवातीच्या काळात गूगलनंच आपल्या माहितीपानावर वापरला होता, हे कबूल. पण वजनदार पानाचं मत जास्त धरलं जातं, हेही तिथंच लिहिलं होतं. वक्त्यांनी अर्धं वाचलं.

कल्पनेचं मूळही निवडणुकीत नाही, ग्रंथालयात आहे. युजीन गारफिल्ड यांनी 1964 मध्ये वैज्ञानिक लेखांच्या संदर्भांची सूची काढायला घेतली, तेव्हापासून कुणी कुणाचा हवाला दिला हे मोजता येऊ लागलं. 1976 मध्ये पिन्स्की आणि नारिन यांनी त्यात दुरुस्ती केली: हवाला देणाऱ्या नियतकालिकाची पतही धरा. पेज आणि ब्रिन यांनी तोच धागा वेबवर आणला. हवाला म्हणजे साक्ष. शोधयंत्राला लोकशाही चालवायची नसते, त्याला साक्षीपुरावा तपासायचा असतो.

साक्ष कशी तपासायची हे आपल्याला कुणी शिकवायला नको. मुलीसाठी स्थळ आलं की चौकशी कुणाकडे करतात? मुलाच्या सख्ख्या मामाकडे नाही. लग्न जुळल्यावर ज्याला पाकीट मिळणार त्या मध्यस्थाकडेही नाही. कोपऱ्यावरच्या वाण्याकडे, जुन्या शेजाऱ्याकडे, ऑफिसातल्या कुणा ओळखीच्याकडे करतात. ज्याचं काही अडलेलं नाही त्याचा शब्द वजनाचा. उलट टोकाला पोलीस ठाण्याबाहेरचा नेहमीचा पंच. मग तो टपरीवाला असो नाहीतर स्टॅम्पपेपरवाला; चोरी कुठेही होवो, पंचनाम्याखाली सही त्याचीच. अशा ठरलेल्या पंचाला वकील उलटतपासणीत पहिला प्रश्न काय विचारतो, तर "आजवर किती पंचनाम्यांवर सह्या केल्यात?"

शोधयंत्रांनी दुव्यांच्या बाबतीत नेमका हाच प्रश्न विचारायला सुरुवात केली. कृष्ण भरत आणि जॉर्ज मिहायला यांनी पेजरँकनंतर थोड्याच काळात 'हिलटॉप' नावाची पद्धत मांडली. तीत घरचे साक्षीदार बाद करण्याची सोय होती. दोन वेबसाइटींच्या आयपी पत्त्याचे पहिले तीन भाग जुळले, तर ती एकाच गोठ्यातली जनावरं समजायची आणि त्यांचा एकमेकींबद्दलचा शब्द स्वतंत्र धरायचा नाही. 2004 मध्ये स्टॅनफर्ड आणि याहूच्या संशोधकांनी 'ट्रस्टरँक' मांडला. माणसांनी हातानं तपासून काही सचोटीची पानं निवडायची आणि विश्वास तिथून पुढे दुव्या-दुव्यानं झिरपू द्यायचा. जितकं लांब, तितका कमी. त्याच वर्षी गूगलनं एका पेटंटसाठी अर्ज केला, ते 2010 मध्ये मिळालं. त्यातला वाचक रिकामटेकडा राहिलेला नाही, तो समजूतदार झालाय. मजकुराच्या मध्यावर, विषयाला धरून आलेला दुवा तो दाबण्याची शक्यता जास्त, तळाशी बारीक अक्षरांत कोंबलेला दाबण्याची कमी. म्हणून दोन्हींचं वजन वेगळं. (पेटंट घेतलं म्हणजे ते जसंच्या तसं वापरात आहे असं नव्हे. पण विचार कुठल्या दिशेनं चाललाय ते कळतं.)

वक्त्यांच्या बाजूनं एक गोष्ट मात्र मीच सांगतो, कारण ती त्यांनाही ठाऊक नसावी. दुवे विकत घेतले जातील हे पेजरँकच्या कर्त्यांनी आधीच ओळखलं होतं. पेजरँकवरच्या त्यांच्या मूळ अहवालात या शक्यतेचा उल्लेख आहे. महत्त्वाच्या साइटवर कुणी पैसे देऊन दुवे घेईल, पण त्याला पैसे पडतात म्हणून ते आवाक्यात राहील, अशी त्यांची समजूत होती. पैसे पडतात म्हणून लोक थांबतील! पीएचडी करणाऱ्या पोरांनाच असा भाबडेपणा शोभतो. त्यांच्याच 1998 च्या निबंधात, जाहिरातींवर चालणारं शोधयंत्र जाहिरातदारांकडे झुकणारच, असंही लिहून ठेवलंय. पुढे त्या कंपनीचं पोट कशावर भरलं ते सांगायला नको.

बाजार कसा होता ते 2011 च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्क टाइम्सनं चव्हाट्यावर आणलं. जेसी पेनी ही अमेरिकेतली जुनी डिपार्टमेंट स्टोअरची साखळी. त्याआधीच्या सुट्टीच्या हंगामात ड्रेस शोधा, पलंगपोस शोधा, सतरंज्या शोधा, गूगलवर पहिली पेनीच. सॅमसोनाइटची बॅग शोधली तर खुद्द सॅमसोनाइटच्याही वर पेनी. टाइम्सनं एका जाणकाराला मागचे धागे उसवायला बसवलं, तेव्हा दोन हजारांवर पानं सापडली. कॅसिनोच्या साइटवर इव्हनिंग ड्रेसचा दुवा, बल्गेरियातल्या जमीनजुमल्याच्या साइटवर कॉकटेल ड्रेसचा. घोरण्यावरच्या साइटींवर ड्रेस, दंतवैद्यांच्या साइटींवर ड्रेस. गूगलला कळवल्यावर माणसांनी हातानं कारवाई केली. बुधवारी संध्याकाळी सात वाजता सॅमसोनाइटच्या शोधात पेनी पहिली होती, नऊ वाजता एकाहत्तरावी. आपल्याला यातलं काही ठाऊक नव्हतं असं कंपनीनं सांगितलं आणि सल्लागारांना नारळ दिला.

या प्रकरणातून दोन्ही बाजूंना बोलायला जागा मिळते. वक्ते म्हणतील, बघा, महिनोन्‌महिने चाललं ना? चाललं. न्यायाधीश झोपला होता आणि त्याला पेपरवाल्यांनी उठवलं. पण त्यानंतर वर्षभरानं, 24 एप्रिल 2012 ला, गूगलनं 'पेंग्विन' सोडला आणि पेनीच्या बाबतीत हातानं केलेलं काम यंत्र करू लागलं. आज जे खपवलं जातंय ते त्या जुन्या जमान्याचं नाणं आहे.

ते नाणं मी अगदी जवळून पाहिलंय. माझ्या एका मित्राचा आंजर्ल्याला होमस्टे आहे. चार खोल्या, मागे पोफळीची बाग, आणि वहिनींच्या हातची सोलकढी. दोन वर्षांपूर्वी त्यानं एका एजन्सीला 35000 रुपये दिले आणि बदल्यात त्याला एक एक्सेल शीट मिळाली. 214 ओळी. पहिल्या रकान्यात पानाचा पत्ता, दुसऱ्यात 'डीए', तिसऱ्यात दुव्याचे शब्द, चौथ्यात हिरव्या रंगात 'लाइव्ह'. एका रविवारी आम्ही पडवीत बसून ती उघडली.

पहिला दुवा दाताच्या इम्प्लांटवरच्या इंग्रजी लेखात होता. कवळी आणि इम्प्लांट यांची तुलना चालू असताना तिसऱ्या परिच्छेदात एकाएकी, सुट्टीवर निघाला असाल तर 'बेस्ट होमस्टे इन दापोली', आणि पुढच्या ओळीत पुन्हा हिरड्या. दुसरा क्रिप्टोवरच्या पानावर, तोही तसाच. तिसऱ्या पानाची भाषाच आम्हाला ओळखता येईना. त्याच पानावरून ऑनलाइन रमी, झटपट कर्ज आणि वजन उतरवायच्या गोळ्यांनाही दुवे. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या. वाण नाही पण गुण लागतो हे आपल्या म्हणीला जितकं कळतं, तितकं शोधयंत्रालाही कळतं.

मित्राला सगळ्यात खटकलं ते तिसऱ्या रकान्यातलं. 214 पैकी 190 च्या वर ठिकाणी अक्षरशः तेच चार शब्द. तो म्हणाला, "अरे, माझ्या घराला असं कोण म्हणतं?" आणि मुद्दा तोच आहे. खरी माणसं म्हणतात 'आंजर्ल्यातलं ते घर', 'कड्यावरच्या गणपतीला गेलो तेव्हा जिथं उतरलो', नाहीतर नुसतंच 'इथं'. दोनशे अनोळखी लोक एकाच आठवड्यात एकच वाक्य बोलायला लागले तर पढवलेले साक्षीदार ओळखायला न्यायाधीशच कशाला हवा?

इथं वक्ते हमखास म्हणणार, "तुमच्या मित्रानं स्वस्तातला माल घेतला. आमचा माल क्वालिटी असतो." त्या क्वालिटीचा पुरावा म्हणून दाखवतात तो हाच 'डीए'. डोमेन अथॉरिटी, शंभरपैकी अमुक. हा आकडा मॉझ नावाच्या खासगी कंपनीचा अंदाज आहे. गूगल तो वापरत नाही, आणि हे मॉझ स्वतःच सांगते. मग लोकांना आकड्याची चटक लावली कुणी? गूगलनंच. 2000 साली गूगलनं ब्राउझरमध्ये बसवायला एक टूलबार दिला आणि त्यात प्रत्येक पानाचा पेजरँक 0 ते 10 असा दाखवायला सुरुवात केली. मालावर किंमतीची चिठ्ठी गूगलनं लावून दिली, बाजार बाकीच्यांनी मांडला. 2013 च्या डिसेंबरनंतर तो आकडा ताजा केला नाही आणि 2016 मध्ये काढूनच टाकला. तोवर दुकानं थाटलेली होती, त्यांना नवीन चिठ्ठी हवी होती.

आता बाजार का मरत नाही त्याकडे येतो, कारण माझी गूगलवरची खरी तक्रार तिथं आहे. पेंग्विन सुरुवातीला अख्ख्या साइटला खाली ढकलायचा. त्यात नवीच दुष्टाई सुचली: प्रतिस्पर्ध्याच्या नावानं घाणेरडे दुवे विकत घ्यायचे आणि तो बुडाला की टाळ्या पिटायच्या. 2016 च्या सप्टेंबरपासून धोरण बदललं. शिक्षेऐवजी दुर्लक्ष. संशयित दुवा मोजायचाच नाही. निर्णय शहाणपणाचा. पण कुठला दुवा मोजला आणि कुठला केराच्या टोपलीत टाकला, हे गूगल कुणाला सांगत नाही. साइटमालकाला सर्च कन्सोलमध्ये दुव्यांची यादी दिसते, तिच्यात दाताचं पान आणि एखाद्या विद्यापीठाचं पान शेजारी शेजारी, एकाच तोंडवळ्याची. न्यायाधीश साक्ष फेटाळतो, पण मनातल्या मनात. त्यामुळे विकणारा छातीठोकपणे 'लाइव्ह' दाखवतो, घेणारा समाधानानं पैसे देतो, आणि 35000 रुपयांच्या बदल्यात शून्य मिळालं हे दोघांपैकी कुणालाच कळत नाही. ठकाचं फावतं ते या मौनावर.

राहिला जाहिरातीचा मुद्दा. टाळ्या त्यालाच जास्त पडल्या होत्या. पेपरात जाहिरात देतो, मग लिंक का नको?

अवश्य द्या. कुणी अडवलंय? गूगलचा नियम दुवा विकत घेऊ नका असा नाहीच. विकत घेतलेल्या दुव्यावर तशी खूण लावा, असा आहे. 2005 च्या जानेवारीत गूगल, याहू आणि एमएसएन यांनी मिळून 'नोफॉलो' ही खूण मान्य केली. 2019 मध्ये गूगलनं खास पैसे देऊन घेतलेल्या दुव्यांसाठी 'स्पॉन्सर्ड' ही वेगळी खूण आणली. दुवा चालतो, वाचक त्यावरून तुमच्याकडे येतो, जाहिरातीचा सगळा फायदा तुमचा. फक्त तो साक्ष म्हणून धरला जात नाही. आता त्या दरपत्रकवाल्याला विचारून बघा: "खूण लावून देतोस का?" चेहरा उतरेल. कारण तो जाहिरात विकतच नाही. जाहिरात आहे हे लपवणं, एवढाच त्याचा माल. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, ठीक आहे. पण पोळी खाल्ल्याचं लपवून टाळी वाजवली तर तिला दाद म्हणत नाहीत.

महाराष्ट्रात हा फरक समजावून सांगावा लागू नये. 2009 च्या विधानसभा निवडणुकीत 'पेड न्यूज' गाजली, पुढच्या वर्षी प्रेस कौन्सिलच्या उपसमितीनं तिच्यावर अहवाल दिला. उमेदवारांनी जाहिराती दिल्या याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. जाहिरात बातमीचे कपडे घालून पहिल्या पानावर आली, याबद्दल होती. विकत घेतलेला बॅकलिंक हे त्या पेड न्यूजचंच धाकटं भावंड.

आता गूगलचा दुटप्पीपणा. त्याला मी नाही म्हणणार नाही. 2012 च्या जानेवारीत खुद्द क्रोमच्या प्रचारासाठी पैसे देऊन लिहून घेतलेल्या मजकुरात बिनखुणेचा दुवा सापडला, तेव्हा गूगलला स्वतःच्याच क्रोमचं पान खाली ढकलावं लागलं. त्याआधी 2002 मध्ये ओक्लाहोमातल्या सर्चकिंग या कंपनीचा टूलबारवरचा आकडा गूगलनं उतरवला. सर्चकिंग पेजरँकच्या जोरावर दुवे विकायची. कंपनी कोर्टात गेली, तर 2003 मध्ये संघीय न्यायालय म्हणालं की पेजरँक हे गूगलचं मत आहे आणि मत व्यक्त करण्याचं स्वातंत्र्य त्याला आहे. म्हणजे जगभरच्या दुकानांचं भवितव्य ठरवणारा आकडा कायद्याच्या लेखी एका कंपनीचा अभिप्राय. परवा 2024 मध्ये गूगलनं प्रतिष्ठित साइटींनी आपला कोपरा बाहेरच्या मजकुराला भाड्यानं देण्याविरुद्ध नियम केला. त्यात वृत्तपत्रं भरडली जातायत का, याची युरोपीय आयोगानं 2025 च्या नोव्हेंबरात रीतसर चौकशी सुरू केली. न्यायाधीशाचं स्वतःचं दुकान कोर्टाच्या आवारात आहे आणि त्याच्यावर कुणाची तरी नजर हवी, हे शंभर टक्के मान्य. पण त्यावरून खोटे साक्षीदार भाड्यानं आणायचा परवाना कसा निघतो? न्यायाधीश बदला, त्याला जाब विचारा. पढवलेल्या साक्षीनं त्याचं काही बिघडत नाही. बिघडतं ते शेजारच्या बिनपैशाच्या दुकानदाराचं, ज्याची खरी साक्ष गर्दीत बुडते.

मग साक्षच नको, दुवे मोजूच नका, असंही कुणी म्हणतं. रशियातल्या यांडेक्सनं 2014 मध्ये मॉस्को भागातल्या व्यापारी शोधांपुरतं ते करून पाहिलं. पुढच्याच वर्षी दुवे परत आले, सोबत विकतच्या दुव्यांवर दंडुका चालवणारी 'मिनुसिन्स्क' ही पद्धत घेऊन. गूगलचे मॅट कट्स यांनीही 2014 मध्ये सांगितलं होतं की दुव्यांशिवायची आवृत्ती त्यांनी आतल्या आत चालवून पाहिली आणि निकाल फारच वाईट आले. आता लोक कशावर क्लिक करतात, परत मागे येतात का, हेही धरलं जातं आणि एकट्या दुव्यांचा दरारा पूर्वीइतका नाही. तरी साक्षीची जागा अजून कुणी पूर्ण घेतलेली नाही.

मराठीत दुवा या शब्दाला दोन अर्थ आहेत हे मला नेहमी गमतीचं वाटतं. एक जोडणारा, दुसरा आशीर्वादाचा. दुसरा मागून मिळतो, न मागताही मिळतो. त्याची पावती फाटत नाही.

आंजर्ल्याच्या मित्राला असा एक मिळालाय, आणि त्याला ते ठाऊकच नव्हतं. मार्चमध्ये कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात ते बघायला पुण्याहून एक जोडपं आलं होतं. त्यातल्या बाईंनी परत जाऊन आपल्या पानावर लिहिलं. पहाटे किती वाजता किनाऱ्यावर पोचायचं, बॅटरी का लावायची नाही, आणि ज्या घरी उतरलो तिथल्या काकूंनी उठून साडेपाचला चहा कसा करून दिला. 'त्या घरी' या दोन शब्दांवर दुवा आहे. कासव महोत्सवाच्या दिवसांत फोन करणारे काही जण "चहाचं वाचलं" असं सांगतात, तेव्हा वहिनी गोंधळायच्या. एक्सेलमधल्या 214 ओळींत ते पान नाही.

मित्रानं मला विचारलं, त्या बाकीच्यांचं काय करायचं? मी म्हटलं, काही नाही, गूगल बघून न बघितल्यासारखं करतंय, तूही कर. पण परवा त्याच एजन्सीचा मेल आलाय. घाणेरड्या दुव्यांमुळे तुमची साइट धोक्यात आहे, ते काढून द्यायचे 22000 रुपये होतील.